रॅकलेस सॉफ्ट लगेज: ॲडव्हेंचर बाइकवर बॅग न हलता कशी बसवायची

रॅक असलेल्या बाइकवर बॅगेचं वजन पेलायला आणि तिला जागच्या जागी धरायला लोखंडी सांगाडा असतो. रॅकलेस लगेजमध्ये तो नसतो. वजन सीटवर आणि साइड पॅनलवर येतं, आणि धरून ठेवण्याचं सगळं काम पट्ट्यांवर पडतं. म्हणून या बॅगा बसवताना पट्टा किती घट्ट आवळला यापेक्षा तो कुठल्या दिशेला ओढतोय हे जास्त महत्त्वाचं. दिशा चुकली की कितीही ताकद लावून आवळा, तासाभराच्या खडीच्या रस्त्यावर बॅग सरकतेच.

एवढा खटाटोप करावा का? कच्च्या रस्त्यावर जाणार असाल तर नक्की करावा. ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांचा रॅक मिळून रिकामेच सहज १५ किलोंच्या आसपास जातात. त्याहून मोठी गोष्ट पायाची. वाळूत किंवा चिखलात पाय टेकत बाइक पुढे ढकलताना मागून आलेल्या कडक पेटीखाली पोटरी अडकली तर हाड मोडू शकतं. मऊ बॅग तिथे दबते. बाइक आडवी झाली तरी बॅग चेपते आणि बहुतेक वेळा सबफ्रेम, म्हणजे सीटखालचा मागचा सांगाडा, वाचतो.

बाजारात ढोबळमानाने तीन घाट दिसतात. घोड्याच्या नालेच्या आकाराची एकसंध बॅग, जी सीटला मागून वेढा घालते. अमेरिकेतल्या जायंट लूपने हा प्रकार बराच लोकप्रिय केला. दुसरा, सीटवरून आडवी टाकायची दोन्ही बाजूंची जोडबॅग, जुन्या पडशीसारखी. स्विस कंपनी एंड्युरिस्तानची ब्लिझर्ड या घाटाची. तिसरा, बाइकवर कायम राहणारा हार्नेस, म्हणजे पट्ट्यांचा साचा, आणि त्यात बसणाऱ्या, काढता येणाऱ्या ड्राय (पाणी न शिरणाऱ्या) बॅगा, उदाहरणार्थ मॉस्को मोटोची रेकलेस. घाट कुठलाही असो, बसवण्याची तत्त्वं तीच. मुक्कामाला रोज बॅगा आत न्यायच्या असतील तर मी तिसरा प्रकार सुचवेन, कारण एकदा नीट बसवलेला हार्नेस पुन्हा हलवावा लागत नाही.

आधी सीट काढा आणि बाइक बघा

बॅग हातात घेण्याआधी अर्धा तास नुसत्या बाइकला द्या. सीट काढा, साइड पॅनल सुटत असतील तर तीही काढा आणि सबफ्रेमच्या नळ्या कुठून कुठे जातात ते पाहा. तुम्हाला किमान चार भक्कम जागा हव्यात: दोन पुढे-खाली, दोन मागे. पुढच्या दोन जागा बहुधा पिलियन फूटरेस्टच्या ब्रॅकेटवर मिळतात. मागच्या जागा ग्रॅब रेलवर, छोट्या टेल रॅकवर किंवा सबफ्रेमच्या शेपटाकडच्या बोल्टवर.

पट्टा कुठे बांधायचा नाही, हेही ठरवून टाका. इंडिकेटरची दांडी, नंबर प्लेटचं ब्रॅकेट, प्लास्टिकचं पॅनल, मडगार्ड, ब्रेकची नळी, सायलेन्सरचा क्लॅम्प यांपैकी कशालाही पट्टा अडकवू नये. आणि मागचं चाक धरणाऱ्या स्विंगआर्मला तर कधीच नाही. तो चाकाबरोबर वरखाली होतो, बॅग सबफ्रेमबरोबर असते. दोघांना एका पट्ट्याने जोडलं की पहिल्याच मोठ्या खड्ड्यात पट्टा तरी तुटतो, नाहीतर शिवण तरी उसवते.

पिलियन नेणार नसाल तर फूटरेस्ट काढून ब्रॅकेटचीच भोकं वापरता येतात. मात्र पुष्कळ बाइकवर एका बाजूचं ब्रॅकेट सायलेन्सरलाही धरून असतं. फूटरेस्ट काढा, ब्रॅकेट राहू द्या.

सोयीची जागाच नसेल तर सबफ्रेमच्या बोल्टखाली पट्टीचा लूप बसवता येतो. दुमडलेल्या जाड वेबिंगला (विणलेल्या पट्टीला) धातूचं आयलेट, म्हणजे गोल कडी, असतं, त्यातून बोल्ट जातो. इथे एक बारकावा आहे. लूप आणि वॉशर मिळून जेवढी जाडी वाढते, तेवढे बोल्टचे आटे आत कमी जातात. त्यामुळे त्याच ग्रेडचा थोडा लांब बोल्ट घ्या, पण तो पलीकडे निघून वायरिंगला किंवा टायरला लागत नाही हे पाहा. मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (बोल्ट सैल होऊ न देणारं द्रव) लावा आणि बाइकच्या मॅन्युअलमधल्या टॉर्कने आवळा.

काही बाइकची रचना वेगळी असते. केटीएम ६९० एन्ड्युरोवर मागची पेट्रोल टाकीच सबफ्रेमचं काम करते, ती प्लास्टिकची आहे आणि पेट्रोल भरायचं झाकणही मागेच आहे. अशा बाइकवर बॅगेची जागा ठरवताना झाकण उघडतं का, हे पहिल्यांदा बघायचं. नाहीतर प्रत्येक पंपावर सगळं सामान सोडावं लागेल.

वजनाचा हिशेब

मॅन्युअलमध्ये बाइकचं कमाल अनुमत एकूण वजन दिलेलं असतं. त्यातून पेट्रोलसकट बाइकचं वजन वजा करा, मग हेल्मेट, बूट, जॅकेटसकट स्वतःचं वजन वजा करा. उरेल त्यात सामान, बॅगा आणि हार्नेस सगळं बसवायचं. बऱ्याच जणांना हा आकडा अपेक्षेपेक्षा लहान दिसतो. रॅक नसताना मी स्वतः सगळं मिळून १५ ते १८ किलोंच्या वर जाऊ देत नाही. त्यापुढे पट्टे टिकले तरी बॅगेची हालचाल आवरत नाही.

रंग आणि पॅनल वाचवणं

बॅग आणि पॅनल यांच्यामध्ये धूळ शिरते, इंजिन थरथरत राहतं आणि दोघांमध्ये सापडलेली धूळ पॉलिश पेपरचं काम करते. चार दिवसांत पॅनल मॅट होतं. बॅग आणि प्रत्येक पट्टा जिथे जिथे टेकतो ते भाग आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून त्यावर जाड पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवा. फिल्मचे कोपरे गोल कापा, टोकदार कोपरा लवकर उचकटतो. पट्टा नळीच्या किंवा ब्रॅकेटच्या धारदार कडेवरून वळत असेल तर तिथे जुन्या ट्यूबचा तुकडा किंवा उभी चिरलेली पेट्रोलची नळी घाला. ही फक्त रंगाची काळजी नाही. धारेवर घासणारा पट्टा आतून एकेक धागा तुटत जातो आणि वरून तो बराच काळ चांगलाच दिसतो.

सायलेन्सर: सगळ्यात जास्त बॅगा इथेच जातात

नायलॉन प्रकारानुसार साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पॉलिएस्टर २५० अंशांच्या पुढे, पण दोन्ही त्याच्या कितीतरी आधी मऊ पडून ताकद गमावतात. पॉलिप्रॉपिलिनचे स्वस्त पट्टे तर १६० अंशांच्या आसपासच वितळतात. इंजिनाकडून येणारा एग्झॉस्ट पाइप ३०० अंश सहज ओलांडतो. सायलेन्सरचा पत्रा त्याहून थंड असतो, तरी बॅगेला भोक पाडायला पुरेसा.

सायलेन्सर खाली असलेल्या बाइकवर अडचण कमी. हीरो एक्सपल्स २०० किंवा यामाहा टेनेरे ७०० यांसारख्या बाइकवर तो उजवीकडे उंचावर असतो, आणि बॅगेचा पाय नेमका तिथेच येतो. कंपनीची मूळ जाळी किंवा कव्हर असलं तरी त्याच्यावर बॅग टेकवू नका. क्लॅम्पने बसणारं वेगळं हीट शील्ड लावा. शील्ड आणि सायलेन्सर यांच्यात हवेची फट हवी. पत्र्याला थेट चिकटलेलं शील्ड थोड्याच वेळात तेवढंच तापतं. शील्ड आणि बॅग यांच्यातही दोन-तीन बोटं अंतर ठेवा. ते अंतर बॅग रिकामी असताना नव्हे, पूर्ण भरलेली असताना मोजायचं, कारण भरलेली बॅग फुगते आणि खाली उतरते.

उष्णतेची खरी परीक्षा वेगात होत नाही. वेगात वारा असतो. बाइक उभी राहून इंजिन चालू असतं, किंवा चढावर पहिल्या गिअरमध्ये रेंगाळत जावं लागतं, तेव्हा ताप साठतो. त्यामुळे चाचणी घेताना अर्धा तास चालवून आल्यावर इंजिन चालू ठेवून काही मिनिटं उघड्यावर उभे राहा, मग बंद करून बॅगेच्या आतल्या बाजूला हात लावा. हात ठेववत नसेल तर अंतर वाढवा. बॅग आणि पट्टा दोन्ही तपासा. लोंबणाऱ्या पट्ट्याचं टोक सायलेन्सरवर पडणं हे बॅग टेकण्यापेक्षा जास्त वेळा घडतं.

पट्ट्यांची ओढ

बाइक चालताना बॅगेला चार धक्के बसतात. ब्रेक लावला की ती पुढे जाऊ पाहते, थ्रॉटल दिला की मागे. खड्ड्यात आधी वर उसळते आणि मग खाली आपटते. दगडगोट्यांवर डावी-उजवीकडे हेलकावे खाते. प्रत्येक धक्क्याच्या उलट ओढणारा पट्टा हवा. नुसते सरळ खाली जाणारे पट्टे लावले तर बॅग वर उठणार नाही, पण पुढेमागे लंबकासारखी झुलत राहील. म्हणून पुढचा पट्टा खाली-पुढे जायला हवा आणि मागचा खाली-मागे, दोन्ही साधारण ४५ अंशांत. बाजूने पाहिलं तर बॅगेच्या खालून उलट्या ‘व्ही’चे दोन पाय पसरल्यासारखे दिसले पाहिजेत.

आता क्रम. हार्नेस किंवा रिकामी बॅग सीटवर टाका आणि मधली रेघ सीटच्या मधल्या शिवणीवर आणा. सगळे पट्टे आधी सैल अडकवा. लूपमधून पट्टा स्वतःच्याच डोळ्यातून ओवून घेतलेली गाठ बकलपेक्षा सुरक्षित, ती उघडू शकत नाही. मग पुढचे दोन्ही पट्टे थोडे थोडे, एकदा डावा, एकदा उजवा असे ओढा. एक बाजू पूर्ण आवळून मग दुसरीकडे गेलात की बॅग हमखास तिरकी बसते. पुढची ओढ आली की मागचे पट्टे घ्या. शेवटी बॅगेला आतल्या अंगाला, म्हणजे सीटकडे ओढणारे आडवे पट्टे. मागे उभे राहून दोन्ही बाजूंच्या खालच्या कडा जमिनीपासून किती उंच आहेत ते टेपने मोजा. डोळा इथे फसवतो.

बॅग सीटवर किती पुढे घ्यायची? जितकी पुढे तितकी हाताळणी चांगली, पण उतारावर उभं राहून कंबर मागे न्यायला जागा हवी. बाइकवर उभे राहा, गुडघे वाकवून मागे सरका. बॅग पाठीला लागली तर ती मागे घ्या. तसंच दोन्ही पाय खाली टेकवून पोटऱ्या बॅगेला अडत नाहीत ना, तेही पाहा.

इलॅस्टिकच्या हुकवाल्या दोऱ्या मुख्य पट्टा म्हणून वापरू नका. धक्क्याला त्या ताणतात, त्याच क्षणी बॅग उसळते आणि हुक निसटतो. निसटलेला हुक डोळ्यावर आला तर काय होईल हे सांगायला नको. वरच्या पिशवीवर रेनकोट अडकवायला त्या चालतील. अर्धा भाग रबरी आणि अर्धा भाग साधी पट्टी असलेले रॉक स्ट्रॅपसारखे पट्टे टेल बॅगेसाठी, म्हणजे सीटमागच्या वरच्या बॅगेसाठी, चांगले. खालच्या मुख्य जोडणीला मात्र न ताणणारी वेबिंगच हवी.

दातेरी खटक्याने पट्टा पकडणाऱ्या कॅम बकलमध्ये तो योग्य बाजूने गेलाय का, हे एकदा जोरात उलट ओढून पाहा. सरकला तर उलटा ओवलाय. ताण आल्यावर उरलेलं टोक गुंडाळून वेल्क्रोने बांधा, किंवा ताणलेल्या पट्ट्यावरच दोन अर्ध्या गाठी मारा. टोकं नुसती खोचून ठेवू नका, वाऱ्याने ती निघतात. मागच्या चाकात किंवा चेनमध्ये गेलेलं एक टोक चाक जागच्या जागी जाम करू शकतं. लांबी कायमची ठरली असेल तर जास्तीची पट्टी कापा आणि टोक लायटरने वितळवून बंद करा.

शेवटी प्रत्येक बकलला लागून पट्ट्यावर पेंट मार्करने एक आडवी रेघ मारा. पुढे कुठेही थांबलात की रेघ बकलपासून किती लांब गेली, हे नुसतं बघून कळतं. पट्टा सरकला की नाही यावर अंदाज बांधत बसावं लागत नाही.

चाक पूर्ण वर आल्यावर काय होईल?

उभ्या बाइकवर टायर आणि बॅग यांच्यात भरपूर जागा दिसते. मोठ्या खड्ड्यात सस्पेन्शन पूर्ण दबलं की ती जागा उरेलच असं नाही. हे मोजता येतं. बाइक सेंटर स्टँडवर लावा किंवा इंजिनाखाली जॅक देऊन मागचं चाक अधांतरी करा. पॅडॉक स्टँड चालणार नाही, कारण तो स्विंगआर्मलाच उचलतो. चाक पूर्ण खाली लोंबत असताना टायरपासून वरच्या पट्ट्याचं, बकलचं किंवा बॅगेच्या तळाचं उभं अंतर मोजा. मॅन्युअलमधला मागच्या चाकाचा ट्रॅव्हल (चाक वरखाली होण्याचं एकूण अंतर) या अंतरापेक्षा कमीत कमी ४० मिलिमीटरने कमी हवा. ट्रॅव्हल २०० मिलिमीटर असेल तर २४० तरी अंतर पाहिजे. वरचे ४० बॅगेचं खाली दबणं आणि टायरला चिकटलेला चिखल यांसाठी. अंतर कमी भरलं तर बॅग वर घ्या किंवा पट्ट्याचा मार्ग बदला. ‘एवढं दबत नाही’ म्हणून सोडून देऊ नका.

सामान भरणं

जड वस्तू खाली आणि पुढे: टूल, सुट्या ट्यूब, पाणी, स्टोव्ह. कपडे, स्लीपिंग बॅग मागे आणि वर. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे गेलेला प्रत्येक किलो पुढचं चाक हलकं करतो, आणि पुढचं चाक हलकं झालं की वेगात हँडल थरथरायला लागतं. टेल बॅगेत टूल भरणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावं.

दोन्ही बाजू लगेज काट्याने तोला. फरक एका किलोच्या आत आणा. टोकदार, कडक वस्तू टॉवेलमध्ये गुंडाळून मधोमध ठेवा. बॅगेच्या भिंतीला टेकलेला धातूचा डबा थरथरून आतून भोक पाडतो, आणि पडल्यावर तोच डबा पॅनलही फोडतो. सायलेन्सरच्या बाजूला पॉवर बँक, गॅसची डबी, जास्तीचं पेट्रोल काहीही नको.

बॅग अर्धवट भरलेली राहिली तर ती कशीही आवळली तरी लवते. सामान कमी असेल तर बॅग अजून गुंडाळून लहान करा, दाबपट्टे ओढा, दाबल्यावर ती टणक लागली पाहिजे. गुंडाळून बंद होणाऱ्या रोल-टॉप तोंडाची हवा काढून किमान तीन वेढे द्या, तरच पाणी आत जात नाही. भरून झाल्यावर सगळे मुख्य पट्टे पुन्हा एकदा आवळा, कारण आत वजन आल्यावर सगळी ओढ बदलते.

निघण्यापूर्वी

बॅग दोन्ही हातांनी धरून जोरात हलवा. बाइक बॅगेबरोबर हलली तर ठीक. बॅग एकटीच हलली तर कुठल्या दिशेला हलते ते पाहा आणि त्याच्या उलट ओढणारा पट्टा शोधा. दहा पावलं मागे जाऊन टेल लाइट, इंडिकेटर आणि नंबर प्लेट पूर्ण दिसतात का बघा. मित्राला मदतीला घ्या आणि बाइक गवतावर हळूच आडवी करा, दोन्ही बाजूंना. सायलेन्सरच्या बाजूला मात्र तो थंड असतानाच. पडलेल्या अवस्थेत काय कशाला टेकतं, कुठला बकल चिरडतो, बॅग सायलेन्सरवर सरकते का, हे घरीच कळलेलं बरं.

सामानासकट सस्पेन्शनही लावायला हवं. तुम्ही बसलेले असताना मागचा सॅग, म्हणजे वजनाने सस्पेन्शन जेवढं दबतं ते अंतर, ट्रॅव्हलच्या साधारण ३० टक्के ठेवतात. २०० मिलिमीटरच्या ट्रॅव्हलवर सुमारे ६०. सामानाने तो वाढला असेल तर प्रीलोड (स्प्रिंगचा आधीचा ताण) वाढवा. टायरमधली हवा मॅन्युअलमधल्या भारासहितच्या आकड्याप्रमाणे, आणि हेडलाइटचा झोत वर गेला असेल तर खाली.

पहिले १० किलोमीटर झाले की थांबा. नवीन वेबिंग बसते, बॅगेतलं सामान दबते, मार्करच्या रेघा जवळजवळ नक्की सरकलेल्या असतात. आवळा. ५० किलोमीटरला पुन्हा. त्यानंतर रोज सकाळी आणि प्रत्येक पेट्रोलच्या थांब्यावर एक फेरी पुरते. पाऊस लागला की आणखी एकदा, कारण नायलॉन ओलं झालं की ताणतं. पॉलिएस्टरला हा त्रास फारच कमी. बाइक पडली तर उभी केल्यावर पहिली नजर सायलेन्सरकडे, मग बकलकडे.

वेगात हँडल थरथरायला लागलं तर ब्रेक जोरात दाबू नका. हँडल आवळून न धरता हळूहळू थ्रॉटल कमी करा, थांबा आणि मागचं वजन पुढे-खाली हलवा. बहुतेक वेळा टेल बॅगेतली एखादी जड वस्तूच कारण निघते.

प्रवासानंतर बकल पाण्याने धुवा, चिखल वाळला की कॅमचे दात पकडत नाहीत. बोल्टखालचे लूप आणि शिवणी बोटाने चाचपा. पट्ट्याचा रंग उडून तो केसाळ किंवा कडक झाला असेल तर ऊन आणि घर्षण दोन्हींनी त्याची ताकद गेली आहे. असा पट्टा टेल बॅगेसाठीही ठेवू नका, कापून टाका आणि त्याच रुंदीचा नवा घाला.